खुब्याचं हाड आणि आपलं एस.ओ.एम.

मित्रांनो, शीर्षक वाचून मेडिकल कॉलेजच्या अंकातलं एखादं पान चुकून इकडे चिकटलंय की काय, अशी शंका तुम्हाला आली असेल. तसं नाही. बी.ई. मेकॅनिकलच्या प्रोजेक्टसाठी आमच्या चौघांच्या ग्रुपने मांडीच्या हाडाचं फायनाइट एलिमेंट मॉडेल हा विषय घेतला. (कंपन्यांचे स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट संपले होते म्हणून घेतला, असं आमचे काही हितचिंतक म्हणतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.) त्या निमित्ताने म्हाताऱ्या माणसांच्या खुब्याच्या फ्रॅक्चरवर जगभर काय संशोधन झालं आणि होतंय, ते बरंच वाचलं. वाचता वाचता लक्षात आलं की सेकंड इयरला जे एस.ओ.एम. आपण पास होण्यापुरतं घोकलं, ते सगळं या एका हाडात भरलेलं आहे.

आधी थोडी ओळख. घरात कोणी वयस्कर पडलं की आपण म्हणतो, "कंबर मोडली". खरं तर बहुतेक वेळा कंबर मोडलेली नसते, खुबा मोडलेला असतो. मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे एक गोळा. तो ओटीपोटाच्या हाडातल्या वाटीत, उखळीत बसतो. गोळ्याच्या खाली मान, आणि मान मुख्य दांड्याला साधारण १२५ ते १३० अंशांच्या कोनात जोडलेली. म्हणजे आपल्या भाषेत एक्सेंट्रिक लोडिंग असलेला कॅन्टिलिव्हर! बर्लिनच्या बेर्गमान यांच्या गटाने कृत्रिम सांध्यातच सेन्सर बसवून पेशंटला चालायला लावलं. साधं चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या जवळजवळ अडीच पट बल येतं असं त्यात मोजलं गेलं, आणि एक पेशंट अडखळला तेव्हा ते सात पटींच्या वर गेलं.

हाड मानेत मोडलं तर एक वेगळाच घोटाळा होतो. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मानेवरूनच वर चढतात. मान सरकली की त्या तुटतात आणि गोळा हळूहळू मरतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांत अशा वेळी "बॉल बदलतात". मोड मानेच्या खाली, उंचवट्यांच्या मधून गेला तर रक्तपुरवठा शाबूत असतो. मग "रॉड टाकतात" किंवा प्लेट-स्क्रू बसवतात. गावाकडे ऐकू येणाऱ्या या दोन वाक्प्रयोगांत अर्धं ऑर्थोपेडिक्स आलं.

आता आपल्या शाखेचा मान वाढवणारी गोष्ट. १८६० च्या दशकात झुरिकमध्ये कार्ल कुलमान नावाचे एक सिव्हिल इंजिनिअर प्राध्यापक होते. ग्राफिक स्टॅटिक्स त्यांनीच नावारूपाला आणलं. शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक हेर्मान फोन मायर यांनी कापलेली हाडं त्यांच्या पाहण्यात आली. मांडीच्या हाडाच्या टोकात जी जाळी असते, तिच्या रेघा कुलमानना ओळखीच्या वाटल्या. बाकदार क्रेनमध्ये प्रिन्सिपल स्ट्रेसच्या रेषा जशा काढतात, तशाच या रेघा वळत होत्या. १८६७ मध्ये मायर यांनी हे छापलं, आणि पुढे १८९२ मध्ये युलियुस वोल्फ यांनी नियम मांडला की हाडावर जसा भार येतो तशी त्याची घडण बदलते. क्रेनशी तुलना तंतोतंत बरोबर नाही, हाड काही एकजिनसी पोलाद नव्हे. पण कल्पना भन्नाट आहे: हे हाड आयुष्यभर स्वतःचं डिझाइन बदलत राहतं.

म्हातारपणी ते बदलतं ते वाईट दिशेने. कमी गरजेच्या रेघा आधी विरतात, कॉम्प्रेशनची मुख्य रेघ सगळ्यात शेवटी जाते. हा विरण्याचा क्रम साध्या एक्स-रेवर वाचून हाडाला ६ पासून १ पर्यंत ग्रेड देण्याची पद्धत १९७० मध्ये डॉ. मनमोहन सिंग या भारतीय डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह मांडली. जगभरच्या पुस्तकांत ती "सिंग इंडेक्स" म्हणून आहे. आता घनता मोजायला डेक्सा मशीन आलंय आणि १९९४ पासून जागतिक आरोग्य संघटनेची उणे २.५ ची टी-स्कोअरची रेषाही आहे. दोन वेगळ्या डॉक्टरांनी पाहिलं तर सिंग ग्रेड वेगवेगळी येऊ शकते, हा तिचा दोष. पण जिथे डेक्सा नाही तिथे एक्स-रे असतो, हे विसरू नये.

पहिला मोठा टप्पा अर्थातच धातूचा. बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ मध्ये तीन पाकळ्यांचा खिळा वापरायला घेतला. पाकळ्या कशासाठी? गोळा खिळ्याभोवती फिरू नये म्हणून. आपण शाफ्टला की बसवतो, तोच विचार. १९३५ मध्ये जर्मनीचे पाउवेल्स यांनी फ्रॅक्चरच्या रेषेचा आडव्याशी होणारा कोन मोजला: ३० अंशांपर्यंत कॉम्प्रेशनचं राज्य, ५० च्या वर शिअरचं. मोर सर्कल काढणाऱ्या कोणालाही हे लगेच पटेल. त्यानंतर स्लायडिंग स्क्रू आला. त्यात स्क्रू नळीत मागे सरकतो, म्हणून मोडलेले भाग चालताना एकमेकांवर दाबले जातात आणि सगळा भार धातूवर येत नाही. घट्ट बांधण्यापेक्षा थोडं सरकू देणं शहाणपणाचं, हे लोकांना पटायला बरीच वर्षं गेली.

बॉल बदलण्याच्या बाबतीत एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इंग्लंडमधले सर जॉन चार्नली संधिवाताच्या पेशंटसाठी संपूर्ण कृत्रिम खुबा बनवत होते. त्यांनी गोळा मुद्दाम लहान ठेवला, २२.२२५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर पाऊण इंचाच्या वर आणखी अष्टमांश. त्रिज्या कमी, म्हणून घर्षणाचा टॉर्क कमी. वाटी टेफ्लॉनची होती, कारण टेफ्लॉन सगळ्यात गुळगुळीत. पण दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून गेल्या आणि झिजलेल्या भुकटीने आजूबाजूचे टिश्यू खराब केले. १९६२ मध्ये एक विक्रेता पॉलिथिलीनचा तुकडा घेऊन आला. चार्नलींनी तो हातात घेऊन नापसंत केला. त्यांचा वर्कशॉपमधला माणूस हॅरी क्रेव्हन याने मात्र साहेब बाहेरगावी गेल्यावर तो गुपचूप वेअर टेस्टिंग मशीनवर लावला. टेफ्लॉनच्या मानाने तो जवळजवळ झिजलाच नाही! त्याच वर्षी नोव्हेंबरपासून पॉलिथिलीनच्या वाट्या सुरू झाल्या. वर्कशॉपच्या मामांशी नीट बोलत जा, एवढंच सांगतो.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या बाउमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी "टिप-अ‍ॅपेक्स डिस्टन्स" हे माप दिलं. स्क्रूचं टोक गोळ्याच्या शिखरापासून समोरच्या एक्स-रेत किती दूर आणि बाजूच्या एक्स-रेत किती दूर, या दोन्हींची बेरीज. त्यांनी १९८ फ्रॅक्चर तपासली. ज्या १२० स्क्रूंचं माप २५ मिलिमीटरच्या आत होतं, त्यातला एकही गोळा फाडून बाहेर आला नव्हता. एवढं साधं माप, फुटपट्टीने काढता येणारं, पण ते आल्यावर स्क्रू कुठे बसवायचा हा वाद बराचसा संपला.

यानंतर मात्र कथेला वळण लागतं. मांडीच्या पोकळीत घालायची नेल, म्हणजे आपल्याकडचा "रॉड", प्लेटपेक्षा आतल्या बाजूला बसते. लिव्हर आर्म लहान, बेंडिंग मोमेंट कमी. कागदावर नेलच जिंकते. अमेरिकेत परीक्षेला बसणाऱ्या तरुण सर्जनांच्या केसेसमध्ये नेलचं प्रमाण १९९९ मधल्या ३ टक्क्यांवरून २००६ मध्ये ६७ टक्क्यांवर गेलं. पण साध्या, स्थिर फ्रॅक्चरमध्ये नेलने पेशंट जास्त बरे होतात असा पुरावा त्या काळात हातात नव्हता, आणि नेल महाग. फॅशन फक्त मोबाइलमध्येच असते असं नाही.

म्हणून मग मोठमोठ्या चाचण्यांचं युग आलं. पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटायचे आणि निकाल बघायचा. २०१७ च्या "फेथ" चाचणीत ११०८ पेशंट होते. स्लायडिंग स्क्रू की साधे तीन-चार स्क्रू? पुन्हा ऑपरेशन करावं लागण्यात फरक नाही. २०१९ च्या "हेल्थ" चाचणीत १४९५ पेशंट. फक्त बॉल बदलायचा की वाटीसकट पूर्ण सांधा? दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशनचं प्रमाण ८.३ विरुद्ध ७.९ टक्के, म्हणजे बरोबरीच. २०२१ च्या "रीगेन" मध्ये १६०० पेशंट. पाठीतली भूल की पूर्ण भूल? पुन्हा बरोबरी. अपवाद २०२२ मधल्या ब्रिटिश चाचणीचा. १२२५ पेशंटमध्ये सिमेंट लावून बसवलेला बॉल बिनसिमेंटच्या बॉलपेक्षा थोडा सरस ठरला, आणि त्यात बॉलच्या बाजूचं हाड पुन्हा मोडण्याचं प्रमाणही कमी होतं. पण एकूण चित्र स्पष्ट होतं. धातूचं डिझाइन इतकं पुढे गेलंय की आता तिथे आणखी घासून फार काही निघत नाही. तरीही खुबा मोडलेल्या वयस्करांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात दगावतो, काही ठिकाणी चारातला एक. मग प्रश्न स्क्रूमध्ये नाही तर कुठे आहे?

एक उत्तर: वेळेत. इथे मला घरचं सांगितलं पाहिजे. २०२१ च्या पावसाळ्यात माझी आजी, वय ७८, न्हाणीघरातून बाहेर येताना शहाबादी फरशीवरून घसरली. आमचं गाव वाई तालुक्यात. पहिले दोन दिवस हाडवैद्याचा लेप झाला. तिसऱ्या दिवशी एक्स-रे, मग पायाला वजन लावून ठेवलं. मग घरात चर्चा. थोरले काका म्हणाले, "या वयात आता कशाला चिरफाड?" आत्याचं म्हणणं उलट. शेजारच्या प्रत्येकाला एक उदाहरण माहीत होतं. आजीला कोणीच विचारलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. सातव्या दिवशी साताऱ्यात रॉड टाकला. ऑपरेशन पाऊण तासाचं. तोपर्यंत पाठीला जखमा झाल्या होत्या, छातीत कफ भरला होता, आणि रात्री ती मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारू लागली होती. गोंधळ कमी झाला, जखमा भरल्या, दिवाळीपर्यंत वॉकर धरून ओसरीपर्यंत येऊ लागली. मळ्यात ती त्यानंतर गेलेली नाही. एक्स-रेत स्क्रू अगदी जिथे हवा तिथे बसलाय, मी स्वतः मोजून पाहिलं. यंत्र उत्तम बसलं. मधले सात दिवस मात्र भरून निघाले नाहीत.

वेळेचं संशोधन काय सांगतं? २०२० मध्ये "हिप अटॅक" नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. १७ देश, २९७० पेशंट, त्यात भारतातली हॉस्पिटलंही होती. एका गटाचं ऑपरेशन निदानापासून सरासरी ६ तासांत, दुसऱ्याचं २४ तासांत. मृत्यूचं प्रमाण ९ आणि १० टक्के, म्हणजे सिद्ध होण्याजोगा फरक नाही. पण लवकर केलेल्यांत भ्रम होणं आणि लघवीचा जंतुसंसर्ग कमी होता आणि ते घरी लवकर गेले. नीट बघा, इथे दोन्ही गट एका दिवसाच्या आत आहेत. आपल्या गावांमधला हिशोब दिवसांचा असतो. ४८ तासांच्या पुढचा उशीर आणि मृत्यू यांचा संबंध अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसतो. अर्थात ज्यांची तब्येत मुळात खराब त्यांचंच ऑपरेशन लांबतं, म्हणून सगळा दोष उशिराला देणंही बरोबर नाही.

ब्रिटनने यावर जे केलं ते कोणत्याही इम्प्लांटइतकंच इंजिनिअरिंग आहे असं माझं मत आहे. २००७ मध्ये त्यांनी प्रत्येक खुब्याच्या फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंद सुरू केली. एप्रिल २०१० पासून नियम केला की ३६ तासांत ऑपरेशन, वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टरांची तपासणी वगैरे अटी पाळल्या तर हॉस्पिटलला त्या केसमागे जादा पैसे. २००७ ते २०११ या काळात नोंदणीत आलेल्या हॉस्पिटलांमध्ये ३० दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण १०.९ वरून ८.५ टक्क्यांवर आलं. नवा स्क्रू नाही, नवं औषध नाही. मोजमाप, वेळापत्रक आणि बिल. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगला "थिअरी सब्जेक्ट" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये ३९७ पेशंटवर झालेल्या २०१५ च्या चाचणीतही हेच दिसलं. नेहमीच्या हाडांच्या वॉर्डाऐवजी वृद्धांच्या वॉर्डात पूर्ण काळजी घेतलेले पेशंट चार महिन्यांनी जास्त चांगले हिंडूफिरू शकत होते.

दुसरं उत्तर त्याहून मागे जातं: पडूच नये, पडलं तर मोडू नये. इथे आकडेमोड करायला मजा येते, कागद घ्या. ६० किलोची बाई उभ्याने पडली, गुरुत्वमध्य साधारण ०.७ मीटर खाली आला. स्थितिज ऊर्जा झाली ४१२ ज्यूल. प्रयोगशाळेत खुबा मोडायला काही दहा ज्यूल पुरतात. म्हणजे ऊर्जा दसपट हजर आहे. प्रत्येक पडण्यात हाड मोडत नाही याचंच नवल! हात टेकणं, गुडघे वाकणं, मांसाची गादी यांत बाकीची ऊर्जा जाते. आता शरीर म्हणजे स्प्रिंगवरचं वजन असं धरा. कमाल बल = वेग × √(वस्तुमान × स्प्रिंगचा कडकपणा). जमिनीला लागताना वेग सेकंदाला ३ मीटर, परिणामकारक वस्तुमान ३० किलो, कडकपणा मीटरला ७०,००० न्यूटन घेतला तर उत्तर येतं सुमारे ४,३५० न्यूटन. १९९५ मध्ये हार्वर्डच्या गटाने दान मिळालेली हाडं कुशीवर पडण्याच्या स्थितीत मोडून पाहिली. तरुणांची सरासरी ७,२०० न्यूटनला मोडली, वृद्धांची ३,४४० ला. गणित संपलं.

कुशीवर पडणं घातक. खुब्यावरच्या मांसाची जाडी एका मिलिमीटरने वाढली की कमाल बल साधारण ७० न्यूटनने उतरतं, असंही मोजलं गेलंय. म्हणून काटकुळ्या आजींना धोका जास्त. मग सरळ युक्ती: बाहेरून गादी लावा, कडकपणा कमी करा. झाले हिप प्रोटेक्टर तयार. फिनलंडच्या २००० सालच्या चाचणीत (१८०१ वृद्ध) फ्रॅक्चर निम्म्याहून कमी झाली आणि सगळे खूश झाले. २००७ मध्ये अमेरिकेत फार हुशार प्रयोग झाला. वृद्धाश्रमातल्या १०४२ जणांना एकाच बाजूला प्रोटेक्टर दिला, म्हणजे दुसरी बाजू आपोआप तुलनेला. निकाल: काही फरक नाही. नरम फरशीचा प्रयोग कॅनडात झाला, २०१९ मध्ये निकाल आला, तोही तसाच. सूत्र चूक नाही. पण माणूस रात्री दोन वाजता लघवीला उठताना प्रोटेक्टर घालत नाही, हे सूत्रात कुठे लिहिलेलं असतं?

मला सगळ्यात आवडलेला अभ्यास कॅनडाच्या रॉबिनोविच यांचा, २०१३ चा. वृद्धाश्रमाच्या सामाईक जागांमध्ये कॅमेरे लावून त्यांनी १३० वृद्धांचं २२७ वेळा पडणं प्रत्यक्ष पाहिलं. आपण समजतो घसरतात किंवा ठेच लागते. पण ४१ टक्के पडण्यांचं कारण होतं चुकीच्या वेळी चुकीकडे तोल टाकणं. अडखळणं २१ टक्के. म्हणजे स्टॅटिक्सपेक्षा कंट्रोल सिस्टिमचा प्रश्न मोठा.

औषधांबद्दल थोडक्यात, कारण तो माझा प्रांत नाही. वर्षातून एकदा द्यायच्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडच्या सलाइनने तीन वर्षांत खुब्याची फ्रॅक्चर ४१ टक्क्यांनी कमी झाली, हे २००७ चं. उलट अमेरिकेत पंचवीस हजारांवर सर्वसाधारण प्रौढांना रोज ड जीवनसत्त्व देऊन पाहिलं, तेव्हा फ्रॅक्चर कमी झाली नाहीत (२०२२). ज्यांना मुळात कमतरता आहे त्यांची गोष्ट वेगळी.

आता कॉम्प्युटरवाल्यांची पाळी. एक्स-रे पाहून फ्रॅक्चर ओळखणारी न्यूरल नेटवर्क सध्या जोरात आहेत. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय इथल्या गटाने २०१९ मध्ये असं नेटवर्क उलटं तपासलं. ते हाडाबरोबरच एक्स-रे कुठल्या मशीनवर काढला, कुठल्या परिस्थितीत काढला, याचाही आधार घेत होतं. तातडीत पोर्टेबल मशीनवर काढलाय म्हणजे फ्रॅक्चर असणार, असा अंदाज! हे सगळे घटक दोन्ही बाजूंना सारखे केल्यावर त्याची अक्कल नाणेफेकीइतकी उरली. अ‍ॅक्युरसीचा आकडा घेऊन व्हायवाला जाणाऱ्यांना हा पेपर मी आवर्जून देतो.

आपल्याकडची माहिती फार तुटपुंजी आहे. २०१३ मध्ये हरियाणातल्या रोहतक जिल्ह्याचा अभ्यास आला. पन्नाशीपुढच्या दर लाख लोकांत वर्षाला १२९ खुब्याची फ्रॅक्चर. बायकांत १५९, पुरुषांत १०५. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक १० कोटींहून जास्त होते, आणि ते आता आणखी वाढलेत.

टी.ई. च्या मित्रांनो, पुढच्या वर्षी प्रोजेक्टला विषय शोधत फिराल तेव्हा आमचं मॉडेल लॅबच्या तिसऱ्या मशीनवर आहे, मेश तयार आहे, फक्त कुशीवर पडण्याची लोड केस बाकी आहे. सॉफ्टवेअरचा कंटाळा असेल तर दुसरा विषय देतो. आपल्या न्हाणीघरात, ओल्या शहाबादी फरशीवर, खाली पाटावर बसलेली सत्तरीची बाई उठते तेव्हा तिचा तोल कुठे जातो आणि भिंतीवरचा धरायचा दांडा नेमका किती उंचीवर, कोणत्या कोनात हवा? मी वाचलेले पडण्यावरचे प्रयोग खुर्चीवरून उठणाऱ्यांचे आणि उभ्याने चालणाऱ्यांचे आहेत. आजीच्या न्हाणीघरात वडिलांनी दांडा बसवलाय तो प्लंबरच्या अंदाजाने. तिची तक्रार आहे की तो फार वर आहे.